खडूमावशींचा हत्ती

आमच्या पाळणाघराला दोन दरवाजे आहेत. एक लोखंडी फाटक, ते कोणीही ढकललं की उघडतं. दुसरा दरवाजा म्हणजे खडूमावशी. तो सहजासहजी उघडत नाही.

सकाळी साडेसात ते साडेनऊ मावशी व्हरांड्यात एका बुटक्या स्टुलावर बसलेल्या असतात. स्टूल बुटकं अशासाठी की मुलाचं तोंड त्यांच्या तोंडासमोर यावं. गळ्यात दोरीला बांधलेला निळा मेणखडू, मांडीवर वही. मूल आलं की आधी डोळे, मग नाक, मग तळहात, मग शर्ट वर करून पोट, आणि शेवटी मानेला हाताची उलटी बाजू लावून ताप. एका मुलाला अर्धं मिनिट. तेवढा वेळ आईबाप असे उभे असतात की जणू त्यांचाच निकाल लागायचा आहे. मी आतल्या बाळखोलीत काम करते, अकरा वर्षं झाली; माझ्या खिडकीतून व्हरांडा दिसतो. मोठेमोठे हुद्देवाले लोक मावशींसमोर सदऱ्याची बटणं चाचपताना मी पाहिलेत.

इथे येण्याआधी मावशी वीस वर्षं कापडगिरणीत तपासणीच्या टेबलावर होत्या. टेबलाला वर काच, खाली दिवे, आणि काचेवरून कापड सरकत जायचं. तुटका धागा, गाठ, तेलाचा डाग, काही दिसलं की तिथे निळ्या मेणखडूने खूण. खूण नाही म्हणजे कापड पास. गिरणी बंद पडल्यावर मावशी इकडे आल्या, येताना खडू तेवढा घेऊन आल्या. “काम तेच आहे गं,” त्या म्हणतात, “आता कापडाला पाय फुटलेत, एवढंच.”

त्यांच्या वहीत अक्षरं कमी आणि खुणा जास्त. गोल म्हणजे वाहतं नाक. नुसतं नाक वाहतंय म्हणून मावशी कोणाला परत पाठवत नाहीत, नाहीतर थंडीच्या दिवसांत पाळणाघरात आम्हीच एकमेकींना भरवत बसलो असतो. फुली म्हणजे परत घरी: ताप, उलटी, जुलाब, अंगावर फोड, चिकटलेले डोळे. आणि नागमोडी रेघ म्हणजे रडत आलं. रडण्याला खूण कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. “मूल आजारी आहे की नुसतंच हट्टाला पेटलंय, ते दोन दिवसांनी कळतं. तोवर आपल्या लक्षात राहतं होय?” ही रेघ पुढे आमच्या चांगलीच कामी येणार होती, पण ते पुढे.

मावशींचा सगळ्यात जुना विरोधक म्हणजे कोपऱ्यावरचा बेकरीवाला. मुलीला ताप असला की हा गडी घरूनच ताप उतरवणारं औषध पाजून आणायचा. औषधाचा असर टिकेपर्यंत याच्या भट्टीतलं काम उरकायचं. एकदा मावशींनी मानेला हात लावला, मान गार. पण बापाची नजर छताला. मावशींनी मुलीला लाडाने विचारलं, “सकाळी काय प्यायलीस गं?” मुलगी टाळ्या पिटत म्हणाली, “गुलाबी!” बापाचं तोंड औषधासारखंच गुलाबी झालं. वहीत फुली पडली आणि वरात माघारी गेली. असं त्याच्याबाबतीत सात वेळा झालंय. आकडा मावशींना आठवत नाही, त्याला मात्र पक्का पाठ आहे.

आता हत्तीबद्दल सांगायला हवं. स्टुलाशेजारी खिळ्याला एक कापडी हत्ती टांगलेला असायचा, उशीएवढा, राखाडी, बटणांच्या डोळ्यांचा. मूल रडत आलं की मावशी त्याची समजूत बिमजूत काढत नसत. हत्ती काढून त्याच्या हातात देत आणि म्हणत, “याला आत एकट्याने जायला भीती वाटते. जरा सोडून ये.” बस्स, मूल एकदम जबाबदार माणूस होऊन जाई. हत्तीला मिठी मारायची, त्याच्या सोंडेत आपले हुंदके कोंबायचे, आणि खोलीपर्यंत जाईतो रडायचं कशासाठी तेच विसरायचं. मग हत्ती परत खिळ्यावर, पुढच्या रडणाऱ्यासाठी. आम्हा सगळ्यांना या युक्तीचं फार कौतुक. एकच मूल या हत्तीला बधलं नाही. त्याला आम्ही भोंगा म्हणतो. वय तीन, आवाज गिरणीच्या भोंग्याचा. त्याला त्या बटणांच्या डोळ्यांची भीती वाटायची, म्हणून तो हत्तीशिवाय, पण रोज न चुकता, साडेनऊपर्यंत वाजायचा.

दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे व्यवस्थापक म्हणून नव्या बाई आल्या. माणूस वाईट नाही, पण जे यंत्राच्या पडद्यावर दिसत नाही ते जगात आहे असं त्यांना पटत नाही. त्यांनी कपाळावर रोखून ताप मोजायचं पिस्तूल आणलं. मावशींनी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, “छान आहे. याला पोट दिसतं का?” बाईंना ते आवडलं नाही.

आणि नेमकं त्यानंतरच पोटाचं दुखणं आलं. मधल्या खोलीत एका मुलाने जेवणाच्या टेबलावरच उलटी केली. दुसऱ्या दिवशी मोठ्या खोलीत एक, मग माझ्या बाळखोलीत एक. आठ दिवसांत नऊ मुलं. आम्ही काय करायचं बाकी ठेवलं? आजारी मूल लगेच घरी, आणि शेवटच्या उलटीजुलाबानंतर पुरते दोन दिवस गेल्याशिवाय परत नाही. लंगोट बदलायचं टेबल प्रत्येक बाळानंतर पुसलं. ठोकळे, चमचे, नळ, दारांच्या मुठी, सगळं जंतुनाशकाच्या पाण्याने धुतलं. आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी सांगितलं की या जंतूला हाताला चोळायचं जेल पुरत नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं. तर आम्ही हात इतके धुतले की बोटांची सालं निघाली. नळाचं पाणी तपासलं, स्वच्छ निघालं. स्वयंपाकवाल्या काकूंना नुसतं विचारलं तर त्या रागाने दिवसभर पातेली आपटत होत्या.

माझ्या खोलीतली सगळ्यात लहान मुलगी, तिला आम्ही चिमणी म्हणतो, आठ महिन्यांची. दात येत होते म्हणून किरकिरत यायची. तिच्या अंगातलं पाणीच कमी झालं, दवाखान्यात नेऊन सलाईन लावावं लागलं. तिची आई बस चालवते. बस डेपोत लावून ती तशीच गणवेशात धावली. चिमणी तीन दिवसांत बरी झाली, पण तिच्या एवढ्याशा हाताला लावलेली ती पट्टी अजून माझ्या डोळ्यांसमोर येते.

सोमवारी नव्या बाईंनी आम्हाला कचेरीत बोलावलं. “दारावर तपासणी असताना आजार आत येतोच कसा? शुक्रवारपर्यंत एकही नवं मूल आजारी पडलं, तर मावशी, दारावर यंत्र. तुम्ही धुण्याच्या खोलीत.”

“बरं,” मावशी म्हणाल्या.

मावशी एरवी बोलायला भारी. नुसतं ‘बरं’ त्या फार लागलं तरच म्हणतात. त्यांचा नवरा जाऊन अठरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. रस्त्याने जाताना साठ मुलं त्यांना हाका मारतात ती या दारामुळे. धुण्याच्या खोलीत चादरी हाका मारत नाहीत. दार गेलं तर या बाईचं काय उरणार, हे मला त्या दिवशी कळत होतं आणि नव्या बाईंना कळत नव्हतं.

मंगळवारी दुपारी मुलं झोपली तेव्हा आम्ही दोघी वही घेऊन बसलो. एका कागदावर आजारी पडलेल्या नऊ मुलांच्या तारखा. तीन वेगळ्या खोल्या, वेगळे डबे, वेगळी भांडी. मावशी प्रत्येकाच्या तारखेपासून एकदोन दिवस मागे बोट नेत होत्या. पहिल्याच्या पुढे नागमोडी रेघ. दुसऱ्याच्या पुढे नागमोडी. तिसऱ्याच्याही.

“म्हणजे रडण्याने जुलाब होतात म्हणायचं का?” मी हसून म्हटलं.

मावशी हसल्या नाहीत. त्यांनी नवव्यापर्यंत बोट नेलं. नऊच्या नऊ. मग म्हणाल्या, “सगळ्यात जास्त रडतं कोण?”

“भोंगा. त्यात काय विचारायचं?”

“त्याला काही झालंय?”

भोंग्याला साधी शिंकही आली नव्हती. एवढ्या गदारोळात आमच्याकडे ठणठणीत असलेलं तेच एक रडकं मूल. आम्ही दोघींनी एकदमच मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. हत्ती निवांत लटकत होता. त्याची सोंड चावून चावून काळपट झाली होती.

चिमणीलाही मीच रोज सकाळी त्या हत्तीजवळ धरायचे, ती सोंड तोंडात घालून गप्प व्हायची म्हणून.

आमच्याकडे लाळेरं दुपारी बदलतात, पांघरुणं दर आठवड्याला उकळतात, आणि या सगळ्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवतात त्या मावशीच. मग हत्ती कसा सुटला? पूर्वी एकदा मी विचारलं होतं, तेव्हा “आटेल तो” एवढंच म्हणाल्या होत्या. आता त्यांनी हत्ती मांडीवर घेतला, त्याचा डावा कान उलटा केला आणि मला दाखवला. आत निळी खूण होती, पुसट, पण होती.

“आमच्या ह्यांच्या मागावरचं शेवटचं कापड, ते त्याच गिरणीत विणकर होते. गिरणी बंद व्हायच्या आठवड्यातलं. त्यातही त्यांनी गाठ सोडलीच, मी खूण केलीच. वीस वर्षांत त्यांचा एक तागा बिनखुणेचा गेला नाही माझ्या हातून. आठ आठ दिवस बोलायचे नाहीत. म्हणायचे, एकदा तरी पास कर की गं, घरचा माणूस आहे. नाही केलं. मग वर्षभरात गेलेच. खराब मालातून एवढा तुकडा मी मागून आणला, त्याचाच हा शिवला. गरम पाण्यात मेण उतरतं, म्हणून नाही धुतला.”

मी शहाणपणा केला. म्हटलं, “मावशी, गुपचूप घरी न्या आणि उकळून टाका. आजार आपोआप थांबेल. शुक्रवारपर्यंत कोणी पडणार नाही, दार तुमचंच राहील. कोणाला सांगायची काय गरज आहे?”

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ताप लपवून आले होते.

“घरच्याच्या कापडावर खूण करायची, आणि माझ्यावर आली की झाकायची? आज मी झाकलं तर उद्या बेकरीवाल्याला कुठल्या तोंडाने विचारू, गुलाबी काय पाजलंस म्हणून?”

हत्ती त्यांनी पिशवीत घालून पिशवीला गाठ मारली, हात कोपरापर्यंत धुतले आणि कचेरीत जाऊन नव्या बाईंना सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, “हे पालकांना कळायला हवं.” मावशी म्हणाल्या, “मीच सांगते.”

बुधवारी सकाळी त्या स्टुलावर बसल्या नाहीत. फाटकाच्या बाहेर, जरा लांब, हात मागे बांधून उभ्या राहिल्या. “मुलांना आज तू बघ,” मला म्हणाल्या. मला वाटलं, लाजेने असेल. एकेक पालक आला की त्याला सांगायच्या, “मुलांचं पोट बिघडलं ते माझ्या हत्तीमुळे. मी तो धुतला नाही. चूक माझी.” कोणी म्हणालं, असू द्या मावशी. कोणी नुसतं खांदे उडवून गेलं. चिमणीची आई आली. चिमणीला माझ्या हातात दिलं आणि मावशींकडे न बघता निघून गेली. ते मला फार लागलं, पण तिचं चुकलं असं काही म्हणता येईना.

मग आला बेकरीवाला. त्याने सगळं ऐकून घेतलं, मुलीला माझ्याकडे सोपवलं आणि जाता जाता थबकला. सात वेळा परत गेलेला माणूस तो, त्याची नजरही आता तयार झाली होती.

“मावशी, हत्तीला रोज हात तुमचा. तुम्हाला काही झालं नाही?”

मावशींची नजर आभाळाला.

“मावशी,” तो अगदी लाडाने म्हणाला, “सकाळी काय प्यायलात?”

फाटकात चारपाच पालक उभे होते. मावशींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

“पोट बांधायची गोळी,” त्या म्हणाल्या. “काल संध्याकाळपासून तीनदा झालं. पण सगळ्यांना सांगायचं होतं ना.”

बेकरीवाला इतका हसला की त्याला फाटक धरावं लागलं. मग मावशीही हसल्या, बाकीचेही. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, की बाई, फोनवर सांगितलं असतं तरी चाललं असतं! मावशींनी मला वही उघडायला लावली, शेवटच्या ओळीत स्वतःचं नाव लिहायला लावलं आणि म्हणाल्या, “पुढे फुली मार. शेवटच्या वेळेनंतर पुरते दोन दिवस. सोमवारी येऊ का, ते मी शनिवारी फोन करून विचारीन.” आणि पिशवी घेऊन घरी गेल्या.

दोन दिवस दारावर नव्या बाई स्वतः, हातात पिस्तूल. पहिल्याच दिवशी उन्हातून टोपी घालून आलेला पोरगा यंत्राच्या हिशेबाने तापाने फणफणला होता. टोपी काढून सावलीत बसवलं तर पाच मिनिटांत बरा. वाऱ्यावर स्कूटरवरून आलेली मुलगी त्याच हिशेबाने जिवंत असायलाच नको होती. दुसऱ्या दिवशी एक मूल लाल, चिकट डोळे घेऊन आत गेलं, कारण यंत्राला कपाळ पसंत पडलं होतं. ते काकूंनी स्वयंपाकघराच्या दारातून ओळखलं आणि ओरडल्या. सगळ्यात वाईट म्हणजे प्रत्येक मूल बाईंना विचारायचं, “मावशी कुठे?” आणि भोंगा तर बाईंच्या कानाशीच वाजायचा. पण पोटाचं नवं दुखणं एकालाही आलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी पिस्तूल पुसून डबीत ठेवलं आणि मला विचारलं, “त्या वहीतल्या खुणांचा अर्थ तुम्हाला सगळा येतो?” मी म्हटलं, “मावशींना विचारा. येतील त्या सोमवारी.” त्यावर बाई म्हणाल्या, “दारावरच येऊ देत.” एवढंच म्हणाल्या, पण त्यांच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ.

सोमवारी सव्वासातला मावशी स्टुलावर हजर. गळ्यात खडू, आणि त्याच दोरीला पिस्तूलही बांधलेलं. सगळ्यात आधी चिमणीची आई आली, गणवेशात. माझ्याकडे न येता ती सरळ स्टुलासमोर जाऊन बसली आणि चिमणीला मावशींच्या मांडीवर ठेवलं. “नीट बघा हिला,” म्हणाली, “मग मी जाते.” मावशींनी त्या दिवशी अर्ध्या मिनिटाऐवजी चांगली दोन मिनिटं घेतली. मागची रांग चुळबुळत होती, पण कोणाची बोलायची छाती झाली नाही.

खिळ्यावर हत्तीही होता. निम्मा झाला होता. रंग उडालेला, सोंड आखडलेली, एक डोळा गेलेला. खिळ्याखाली नवीन पाटी: एका दिवशी एकच मूल, मग उकळायचा. नऊच्या सुमाराला भोंगा वाजत आला, आणि हत्तीकडे लक्ष जाताच मध्येच थांबला.

“हे त्याचं पिल्लू आहे?”

“हो,” मावशी म्हणाल्या. “आणि याला आत सोडायला कोणीच नाही बघ.”

भोंग्याने पिल्लू बगलेत मारलं आणि एक अवाक्षर न काढता आत गेला. नव्या बाई कचेरीतून धावत बाहेर आल्या, साडेनऊच्या आत शांतता कशी म्हणून.

दुपारी आम्ही दोघी धुण्याच्या खोलीत होतो. बादलीत कढत पाणी होतं. हत्ती त्यात टाकायच्या आधी मावशींनी त्याचा डावा कान उलटा केला आणि माझ्यापुढे धरला. “अगं, माझ्या चष्म्याचं काही खरं नाही. तू बघ. राहिलंय का काही?”

मी खिडकीशी नेऊन बघितलं. कान आतून कोरा होता. खोटं बोलावंसं फार वाटलं.

“नाही, मावशी. एकही खूण नाही.”

मी ‘बरं’ ऐकायची तयारी केली होती. मावशींनी हत्ती माझ्या हातातून घेतला, कोऱ्या कानावरून अंगठा फिरवला. डोळे भरले होते, पण तोंडावर हसू होतं.

“म्हणजे झालं की पास,” त्या म्हणाल्या. “फार मागे लागले होते.”

आणि त्यांनी हत्ती पाण्यात दाबून वर झाकण ठेवलं.